जोड आणि बंध

अवयवांनी घडलेली वस्तू ही त्या अवयवांहून निराळी अशी काही सत्ता आहे, की अवयवांच्या राशीलाच आपण व्यवहाराच्या सोयीसाठी एक नाव देऊन मोकळे होतो, हा वाद आपल्याकडील दर्शनकारांनी कित्येक शतके मोठ्या निकराने चालविला. मिनांदर राजाला भदंत नागसेनाने रथाचे उदाहरण देऊन विचारले, की चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय, आणि यांपैकी एकही रथ नसेल तर रथ म्हणून मागे उरते ते कोणते? अशा प्रकारच्या आक्षेपाला न्यायसूत्रकार गौतमाने जी उत्तरे दिली त्यांतले एक असे, की वस्तूचे एक टोक धरले असता सगळी वस्तू धरली जाते आणि एक टोक ओढले असता सगळी ओढली जाते. हे धारण आणि हे आकर्षण सुट्या कणांच्या ढिगाकडून घडणे शक्य नाही, म्हणून अवयवी मानलाच पाहिजे. परंतु या सूत्रावर भाष्य लिहिताना वात्स्यायनाने स्वपक्षाच्या युक्तिवादाचीही निर्भीडपणे झडती घेतली. तो म्हणतो, की धारण-आकर्षण घडते ते संग्रहामुळे, म्हणजे कच्च्या घड्यात पाण्याने आणि भाजलेल्या घड्यात अग्नीने जे धरून ठेवणारे सामर्थ्य उत्पन्न होते त्यामुळे. लाखेने चिकटविलेल्या काड्या आणि लाकडे हीसुद्धा एक ओढली की सगळी येतात, पण तेवढ्यावरून ती एक वस्तू ठरत नाहीत.

वात्स्यायनाच्या या प्रामाणिकपणामुळे अवयव आणि अवयवी यांच्या मधोमध एक तिसरीच गोष्ट विचाराच्या कक्षेत येते. जे बांधते, जे धरून ठेवते, जे स्वतः ना अवयवांच्या मोजदादीत येते ना संपूर्णाच्या नावात, त्याला स्वतःची काही सत्ता आहे काय? की बांधले गेलेले पदार्थ तेवढे खरे, आणि बंध हा त्यांच्यामधला एक आनुषंगिक प्रकार, जो राहिला काय आणि गेला काय, मूळ पदार्थांच्या अस्तित्वाला बाध येत नाही? हा प्रश्न घटपटांच्या संदर्भात चर्चिला गेला म्हणून तो केवळ घटपटांचा नव्हे. कंबरेच्या मणक्यांवर होणाऱ्या एका शस्त्रक्रियेच्या निमित्ताने तो आज रक्तामांसाच्या माणसाच्या बाबतीत उपस्थित झाला आहे, आणि तेथे त्याचे जे उत्तर हाती येत आहे ते तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने दुर्लक्षावे असे नाही.

ही शस्त्रक्रिया म्हणजे मणके जोडण्याची; लोकभाषेत कमरेत स्क्रू टाकण्याची. न्यूयॉर्क येथे १९११ साली रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी या दोन शल्यचिकित्सकांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्षयाने पोखरलेल्या मणक्यांना हाडाच्या जोडाने एकजीव करण्याचा मार्ग दाखविला, आणि ज्या मुलांची पाठ दिवसेंदिवस वाकत जाऊन कुबड येई त्यांना तो वरदानासारखा ठरला. पुढे हवाई बेटांवरील राल्फ क्लोवर्ड यांनी मागच्या बाजूने शिरून, दोन मणक्यांमधली झिजलेली गादी काढून तिच्या जागी हाड बसविण्याची पद्धत विकसित केली. आणि मूळचे गोव्याचे व मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात दीर्घकाळ काम केलेले डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी तीच पद्धत आपल्या देशात रुजविली व तिच्यात स्वतःची भर घातली, हे मराठी वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. मणका पुढे सरकला असेल, नस चेपून पायात मुंग्या आणि बधिरता येत असेल, चार पावले चालल्यावर पाय भरून येऊन खाली बसावे लागत असेल, अशा माणसाला या शस्त्रक्रियेने पुन्हा चालते केले आहे. तिची निंदा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. निंदा करणाऱ्याने पायात आग पडलेल्या माणसाची एक रात्र पाहावी.

परंतु जे दोन मणके जोडले गेले त्यांच्यातले चलन संपले. आणि चलन संपले म्हणजे त्या चलनाची गरज संपली असे मात्र नव्हे. माणूस वाकतोच. पूर्वी पाच सांध्यांत वाटला जाणारा बाक आता चारांत वाटावा लागतो, आणि जोडलेल्या ताठ खंडाच्या लगतचा सांधा, विशेषतः त्याच्या वरचा, इतरांहून अधिक राबतो. काही वर्षांनी तेथली गादी झिजते, सांधा ढिला पडतो, बंध जाड होऊन नसांची वाट अरुंद करतात, आणि जे दुखणे एका मजल्यावर मिटविले होते ते वरच्या मजल्यावर उभे राहते. अमेरिकेत गिझेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कंबरेचे मणके जोडलेल्या रोग्यांपैकी शेजारच्या खंडासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करण्याइतका त्रास होण्याचे प्रमाण पाच वर्षांत १६.५ टक्के आणि दहा वर्षांत ३६.१ टक्के असल्याचे अनुमान निघाले. तीन जणांत एकाहून अधिक, हा आकडा थोडा नव्हे.

आता बंधांकडे वळू. मणक्याच्या पाठीमागच्या अंगाला जो काटा निघतो, आणि पाठीवरून बोट फिरविले असता ज्याची टोके एकाखाली एक लागतात, त्या काट्यांच्या टोकांवरून एक चिवट पट्टा खाली उतरत येतो. बहुतेक माणसांत तो कंबरेच्या चौथ्या मणक्यापाशीच संपतो. दोन काट्यांच्या मधल्या फटीत दुसरा, पातळ पडद्यासारखा बंध असतो. त्याच्या आत, मज्जेच्या नळीला मागून झाकणारा पिवळा बंध असतो, ज्याच्यात सुमारे ८० टक्के भाग लवचिक तंतूंचा असल्यामुळे तो ताणला जातो आणि सोडताच पूर्ववत होतो. याखेरीज मागच्या लहान सांध्यांभोवतालची आवरणे आहेतच. हे सगळे वाकण्याच्या अक्षापासून दूर, मागे आहेत. आणि अक्षापासून दूर असणाऱ्या दोराला थोड्या ताकदीने मोठा भार तोलता येतो, हे यंत्रशास्त्राचे साधे तत्त्व येथे पूर्णपणे लागू पडते.

मणक्यांपर्यंत पोहोचण्यासाठी शल्यचिकित्सकाला पाठीच्या मधोमध चीर घ्यावी लागते, काट्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू खरवडून बाजूला सारावे लागतात, आणि चेपलेली नस मोकळी करण्यासाठी मागची कमान काढावी लागते. ती सबंध काढली तर काटा जातो, आणि काट्याबरोबर त्याला धरून असलेले बंधही जातात. काम सोपे होते, आतले सगळे स्वच्छ दिसते. दुसरा मार्ग असा, की एका किंवा दोन्ही अंगांनी खिडकीएवढी जागा करून आत शिरावे, काटा आणि त्यावरचा पट्टा मध्ये तसाच उभा ठेवावा, आणि निदान जोडल्या जाणाऱ्या सर्वांत वरच्या मणक्याचा त्याच्याही वरच्या मणक्याशी जो बंध आहे त्याला शस्त्र लावू नये. यात वेळ अधिक जातो, जागा अपुरी मिळते, हाताला अधिक कसब लागते. तैवानातील शल्यचिकित्सकांनी २००४ सालीच या दोन मार्गांची तुलना मांडली, आणि ज्यांच्यात तो वरचा बंध अखंड ठेवला होता त्यांच्यात शेजारच्या खंडाची अस्थिरता पुष्कळच कमी आढळली. प्रेतांच्या कण्यांवर केलेल्या प्रयोगांतूनही साक्ष याच दिशेने मिळते: बंध तोडले की त्या जागेचे पुढे झुकणे वाढते.

येथे सुश्रुताचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. त्याच्या संहितेच्या शारीरस्थानात तीनशे अस्थी, दोनशे दहा संधी आणि नऊशे स्नायू सांगितले आहेत. आणि त्या काळच्या स्नायू या संज्ञेत आजचे अस्थिबंध आणि कंडरा यांचाच प्रामुख्याने अंतर्भाव होतो. फळ्यांची नाव जशी पुष्कळ बंधनांनी घट्ट बांधली म्हणजे पाण्यावर माणसांचा भार वाहू शकते, तसा मनुष्य या स्नायूंनी बांधलेल्या संधींच्या बळावर भार वाहतो, असे तो म्हणतो. पण त्याच्या पुढचे त्याचे विधान मला अधिक धीट वाटते: अस्थी, पेशी, शिरा आणि संधी यांच्या नाशाने देहाची जेवढी हानी होत नाही तेवढी स्नायूच्या नाशाने होते, आणि जो बाहेरचे व आतले स्नायू जाणतो तोच देहात खोल रुतलेले शल्य काढू शकतो. म्हणजे त्याच्या दृष्टीने शल्य काढण्याची विद्या ही आधी बंध ओळखण्याची विद्या आहे. दर्शनकारांनी ज्या संग्रहाला अवयव आणि अवयवी यांच्या वादात एका दृष्टान्तापुरते स्थान दिले, त्याला वैद्याने देहाच्या बलाबलाच्या क्रमवारीत पहिली जागा दिली. ही गोष्ट त्याने ग्रंथातून काढली नसावी. तुटलेली माणसे पाहून काढली असावी.

बंधांवर पडणारा हा भार शेतात प्रत्यक्ष पाहायला मिळतो. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या वाटेवर, मार्गासनीच्या पुढे विंझर हे गाव आहे. राजगड आणि तोरणा यांच्या आसमंतातला हा मावळचा मुलूख. या खोऱ्यात भात हे मुख्य पीक, आणि भात म्हणजे वाकणे. चिखलणी झालेल्या खाचरात बायका ओळीने उभ्या राहतात, डाव्या हातातल्या जुडीतून तीन-चार रोपे उजव्या हाताच्या बोटांनी सुटी करून अंगठ्याने चिखलात खोवतात, आणि एकेक पाऊल मागे सरत जातात. गुडघे जवळजवळ ताठ, पाठ जमिनीशी समांतर, डोक्यावर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद, आणि वरून आषाढाची झड. बांधाशी पोहोचल्यावर त्या उभ्या राहतात, दोन्ही हात कमरेवर दाबतात, क्षणभर मागे झुकतात, आणि पुन्हा वाकतात.

या वाकण्यासंबंधी एक शोध फ्लॉइड आणि सिल्व्हर या ब्रिटिश संशोधकांनी १९५० च्या दशकात मांडला, आणि तो मला या सगळ्या विचाराचा मध्यबिंदू वाटतो. माणूस पुढे झुकू लागतो तेव्हा पाठीचे स्नायू त्याला धरून ठेवण्यासाठी झटत असतात. परंतु तो पुरता वाकला, की त्या स्नायूंतली विद्युत्क्रिया जवळजवळ बंद पडते. ते स्वस्थ होतात. त्या वेळी धडाचा भार मुख्यत्वे मागच्या बंधांनी आणि ताणलेल्या ऊतींनी तोलून धरलेला असतो. म्हणजे विंझरच्या खाचरात दिवसभर वाकलेली बाई ज्याच्या आधारावर असते ते ना तिचे हाड, ना तिचे श्रमाने कमावलेले स्नायू. तिला धरून ठेवणारा तो काट्यांवरून उतरणारा पट्टा आणि त्याचे सोबती आहेत. न्यायसूत्रातील धारण आणि आकर्षण हे दोन शब्द घटापेक्षा या पाठीला अधिक यथार्थपणे लागू पडतात. आणि उतारवयात अशा बाईला पुण्याला नेऊन तिचे मणके जोडावे लागले, तर ती पहिला प्रश्न हाच विचारते: “डॉक्टरसाहेब, पुन्हा लावणीला वाकता येईल ना?” या प्रश्नात सगळे शास्त्र आले आहे. ती विचारते ते वेदनेबद्दल नव्हे. जोडलेल्या जागेच्या वर आणि खाली जे उरले आहे त्याच्या सामर्थ्याबद्दल विचारते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. शेजारचा खंड झिजला म्हणजे तो जोडण्यामुळेच झिजला असे कशावरून? ज्या देहात एक गादी झिजली त्याच देहातली दुसरी गादीही त्याच वयाने, त्याच वंशपरंपरेने आणि त्याच श्रमाने झिजणार होती. क्ष-किरणात दिसणारी प्रत्येक झीज दुखतेच असेही नाही. आणि किती मणके जोडले, कंबरेचा स्वाभाविक बाक राखला की सपाट झाला, सर्वांत वरचा स्क्रू लगतच्या सांध्यात घुसला की नाही, या गोष्टीही तितक्याच निर्णायक आहेत. हे सर्व मला मान्य आहे. कारणांच्या या समुदायात बंधाचा वाटा नेमका किती, हे कोणी तराजूत घालून सांगू म्हटल्यास ते धाडसाचे होईल. परंतु नैतिक दृष्ट्या त्याचे वेगळेपण यात आहे, की वय, वंश आणि भूतकाळातले श्रम शल्यचिकित्सकाच्या हाती नसतात. बंध राखणे किंवा तोडणे हे मात्र बाक आणि स्क्रू यांच्याप्रमाणेच त्याच्या हातात, त्याच टेबलावर, त्याच तासात असते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे, की अग्नी जसा धुराने वेढलेला असतो तसा प्रत्येक आरंभ दोषाने वेढलेला असतो, आणि म्हणून सहज कर्म सदोष असले तरी टाकू नये. या वचनाचा आधार घेऊन कोणी म्हणेल, की शस्त्रक्रियेने शेजाऱ्यावर भार येणे हा तो अटळ धूर आहे. माझ्या मते हा वचनाचा सोयीस्कर वापर झाला. दोष अटळ आहे एवढ्याने तो किती असावा हे ठरत नाही. त्याच गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहणाऱ्याला बुद्धिमान म्हटले आहे, आणि लोकमान्यांसारख्या कर्मयोगाच्या भाष्यकाराने तर निष्क्रियतेच्या नावाखाली जबाबदारी झटकण्याला कधीच थारा दिला नाही. अस्थी जोडणे हे कर्म सर्वांना दिसते. क्ष-किरणाच्या फिल्मवर सळया आणि स्क्रू पांढरे शुभ्र उमटतात, नातेवाईक ते उजेडासमोर धरून पाहतात. राखलेला बंध त्या फिल्मवर मुळीच उमटत नाही. तो न कापण्यासाठी जो अर्धा-पाऊण तास अधिक गेला, ज्या अडचणीत हात चालवावा लागला, ज्या मोहाचे निवारण करावे लागले, त्याची कोठेही खूण राहत नाही. अकर्मात कर्म पाहायचे ते येथे.

आणखी एक विचार मनात येतो, तो धर्मविचाराच्या जवळचा आहे. दोन मणके जोडले म्हणजे त्यांच्यात ऐक्य झाले, असे आपण म्हणतो. पण दोहोंचे एक हाड झाले, की त्यांचा परस्परांशी काही संबंधच उरत नाही. संबंधाला निदान दोन असावे लागतात. बंध हा दोहोंना दोन ठेवून एकत्र राखतो. जोड हा त्यांचे दोनपणच नाहीसे करतो, आणि त्यांनी आपसांत वाटून घेतलेला भार मग दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला जातो. अमृतानुभवाच्या आरंभी ज्ञानदेवांनी शिव आणि शक्ती यांचे जे दांपत्य वर्णिले आहे त्यातले अद्वैत दुसऱ्याला गिळून बसणारे नाही. दोघांपैकी एकाला वगळून दुसऱ्याला अर्थच उरू नये इतका तो संबंध गाढ आहे, आणि तरीही ते दांपत्य आहे. वारकरी परंपरेने भक्तीला मुक्तीच्या वर बसविले त्यामागेही हीच जाण आहे, असे मी मानतो: एकरूप होऊन संपण्यापेक्षा, धरून राहण्याला काही मोल आहे. शरीरातल्या एका गोष्टीवरून परतत्त्वाविषयी सिद्धान्त काढता येत नाही, हे मी जाणतो. परंतु ऐक्य म्हणजे नेहमी जोडून टाकणेच, ही समजूत देहाला मान्य नाही, एवढे म्हणण्यास हरकत नसावी. आणि देहाला जे मान्य नाही ते समाजाला किंवा कुटुंबाला मान्य असेलच असे गृहीत धरून चालणाऱ्यांनी थोडे थांबावे.

जन्माने भारतीय असलेल्या आणि अमेरिकेत येल येथे काम केलेल्या मनोहर पंजाबी यांनी १९९२ साली कण्याच्या स्थैर्याची जी उपपत्ती मांडली तिच्यात हाडे, गाद्या व बंध ही एक व्यवस्था, स्नायू ही दुसरी, आणि मज्जासंस्थेचे नियंत्रण ही तिसरी, असे तीन घटक मानले आहेत, आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढण्याला मर्यादा आहे असे दाखविले आहे. त्यांच्या मांडणीत बंध हे केवळ दोर नव्हेत. सांधा कोठे आहे आणि किती वाकला आहे याची वर्दी मज्जासंस्थेला पोहोचविणारेही तेच आहेत. तेव्हा बंध तोडला म्हणजे आधार गेला एवढेच घडत नाही, बातमीही तुटते. वात्स्यायनाच्या लाखेला हे सामर्थ्य नव्हते. लाख धरते, पण तिला ठाऊक नसते की ती काय धरून आहे. म्हणून बंधाच्या सत्तेविषयीच्या मूळ प्रश्नाला उत्तर द्यायचे झाल्यास मी म्हणेन, की निदान जिवंत देहात बंध हा बांधलेल्यांइतकाच खरा पदार्थ आहे, आणि काही बाबतींत त्यांच्याहून अधिक जाणता.

यातून एक अगदी व्यवहाराची मागणी निघते. रोगी घरी जाताना त्याच्या हाती जो कागद पडतो त्यावर कोणते मणके जोडले, किती स्क्रू बसविले, कोणत्या धातूचे, याचा तपशील बहुधा असतो. कोणते बंध राखले आणि कोणते नाइलाजाने काढावे लागले, ही नोंद असलीच तर शस्त्रक्रियेच्या टिपणात, रुग्णालयाच्या दप्तरी पडून राहते. विंझरच्या शेतकऱ्याच्या सात-बारावर इतर हक्कांचा एक रकाना असतो, आणि ज्याला जमीन कळते तो क्षेत्राच्या आधी तोच वाचतो, कारण पुढचे तंटे तेथूनच उद्भवतात. तसा एक रकाना या कागदावर असावा. पाच-दहा वर्षांनी वरच्या मणक्याशी दुखणे सुरू होऊन तो रोगी दुसऱ्या गावी, दुसऱ्या शल्यचिकित्सकापुढे रुजू होईल तेव्हा त्याला ती ओळ उपयोगी पडेल. आणि तोवर लावणीच्या दिवसांत किती वाकावे, कोणाला बोलावून घ्यावे, कोणत्या खाचराला यंदा हात लावू नये, हे घरच्यांना ठरविता येईल.